काचेचं दार

घरांच्या जाहिरातीत काचेच्या दाराचा फोटो नेहमी आतून काढलेला असतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? कोवळं ऊन फरशीवर पडलंय, कोपऱ्यात एक मनीप्लँट, बाहेर धूसर हिरवं काहीतरी. बाहेरून काढलेला फोटो कोणी छापत नाही. बाहेरून काढला तर घरातलं माणूस दिसेल ना! गाऊनवर, केस पुसत, नाहीतर सोफ्यावर तंगड्या पसरून चहात पोळी बुडवत.

तर मंडळी, या विकांताचा विषय आहे आमचं दार.

आम्ही, म्हणजे मी आणि आई, सध्या पिंपळे सौदागरला एका भाड्याच्या रो हाऊसमध्ये राहतो. बाबा गेल्यावर आई डोंबिवलीचा फ्लॅट बंद करून माझ्याकडे आली. घर छान आहे. फक्त पुढच्या दाराला तीन उभ्या काचा आहेत, प्रत्येकी आठ इंच रुंद. खाली फरशीपासून चार इंचांवर सुरू होतात त्या वर पार पावणेसात फुटांपर्यंत. स्वच्छ, पारदर्शक, कडक काच. हॉलला खिडकी एकच आणि ती शेजारच्यांच्या भिंतीकडे तोंड करून उभी. म्हणजे हॉलमध्ये उजेड येतो तो दारातूनच. पूर्वेचं दार, सकाळी सुरेख ऊन येतं. घर बघायला गेलो तेव्हा आईलाही हे दारच सगळ्यात जास्त आवडलं होतं.

मी साडेआठला निघतो आणि परत यायला साडेसात होतात. (डेप्लॉयमेंट असेल तर विचारूच नका.) दिवसभर घरात आई एकटी. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की हॉलमधली तिची खुर्ची रिकामीच असते. पेपर, चष्मा, रेडिओ, विणकामाची पिशवी सगळं एकेक करून स्वयंपाकघरात गेलेलं. तिथे ट्यूबलाइट लावून, पाठ नसलेल्या स्टुलावर बाई दुपार काढतायत.

विचारलं तर म्हणाली, "अरे, तिथे बसलं की कोणीही येतं."

मला कळेना. दार बंद, कडी लावलेली. बेल वाजवणारे इकडेतिकडे वाजवणारच. वॉटर प्युरिफायरवाले, केबलवाले, "मॅडम, दोन मिनिटं फक्त"वाले. नको असेल तर उघडू नये.

"न उघडून कसं चालेल? मी दिसते ना त्यांना. दिसत असताना न उघडणं बरं दिसतं का?"

या एका वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. लाकडी दाराआडच्या माणसाला एक मोठी सोय असते. घरात असूनही नसण्याची. बेल वाजते, तुम्ही मॅजिक आयमधून बघता, ठरवता. हे जे पाच सेकंद असतात ना, बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंतचे, ते फक्त घरातल्या माणसाचे असतात. काचेच्या दारात ते पाच सेकंद बाहेरच्याला दिसतात. तुम्ही ठरवताना दिसता. आणि आईच्या पिढीतल्या, तिच्यासारख्या वळणाच्या बाईला एकदा नजरानजर झाल्यावर नाही म्हणता येत नाही. एकदा असाच एकजण पाऊण तास बसून तिला गाद्या स्वच्छ करायचं मशीन दाखवून गेला. दुसरा एक बेल वाजवून थांबला नाही, काचेवर टकटक करत राहिला, कारण ती आत बसलेली त्याला दिसत होती. त्यानंतर खुर्ची रिकामी झाली, हे तिनं मला खूप उशिरा सांगितलं.

यात गंमत अशी की आई वाढली गिरगावातल्या चाळीत. एका मजल्यावर डझनभर बिऱ्हाडं, समोर सामाईक गॅलरी आणि सगळ्यांची दारं सकाळपासून रात्री झोपेपर्यंत सताड उघडी. जाणारा येणारा आत डोकावूनच जायचा. भाजी काय केली इथपासून मुलाला मार्क किती इथपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत. त्या मानानं आमचं रो हाऊस म्हणजे तिजोरीच. मग जिचं सगळं लहानपण उघड्या दारात गेलं, तिला बंद काच का खुपावी?

तिलाच विचारलं. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे तिथे बघणारा कोण आहे ते माहीत असायचं, आणि तो बघायचा तसं आपणही त्याच्या घरात बघायचो. हिशोब बरोबर. दुसरी म्हणजे पडदा. चाळीतल्या दारांवर अर्धा पडदा असायचा, आठवतंय? स्प्रिंगच्या तारेला ओवलेला, दाराच्या मधल्या भागातच लोंबणारा. वरून हवा यायची, खालून पाय दिसायचे. पडदा ओढलेला असला की दार उघडं असूनही कोणी तडक आत शिरायचं नाही, बाहेरूनच हाक मारायचं. दीड वार छिटाच्या कापडावर केवढा कारभार चालायचा!

आपल्याकडची जुनी घरं बघितली तर खाजगीपणा कधीच एका दाराच्या भरवशावर नव्हता. तो खोलीवर होता. खोली म्हणजे रूम नव्हे, डेप्थ. अंगण, मग ओसरी, मग पडवी, माजघर, स्वयंपाकघर. पोस्टमन अंगणात, गावातला माणूस ओसरीवर, नातेवाईक माजघरात. ज्याचं जितकं नातं, तितके उंबरठे त्यानं ओलांडायचे. वाड्यांना दिंडी दरवाजा असायचा, मोठ्या दारातलं छोटं दार, वाकून आत जायचं, पुढे देवडी आणि मग चौक. किल्ल्यांवर तर आणखी पुढची पायरी. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवलाय की समोरून चढणाऱ्याला तो दिसतच नाही. आता या सगळ्याची घडी घालून बिल्डरनं आपल्याला दिलाय दीड इंच जाडीचा एक दरवाजा. त्यानंच अंगण व्हायचं, ओसरी व्हायचं, देवडी व्हायचं. त्यातही मध्ये काचा.

(२०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निकालाची प्रत आमच्या गल्लीत अजून पोचायची आहे :) )

असो. मूळ मुद्दा: दार घरमालकाचं, त्यामुळे भोक पाडायचं नाही, काच बदलायची नाही, घर सोडताना होतं तसं परत करायचं. उजेड कमी करायचा नाही, ही आईची अट. आणि आईनं परत खुर्चीत बसायचं, ही माझी.

ऑफिसात विषय काढला तर अर्ध्या तासात पाच सोल्युशन्स आली. इंजिनियर लोकांना दुसऱ्याच्या घरातल्या अडचणी फार आवडतात. एकानं कॅमेऱ्याची बेल सुचवली. पण त्यानं बाहेरचा आत दिसतो, आतला बाहेर दिसायचा थांबत नाही. शिवाय आमची गल्ली इतकी अरुंद की कॅमेरा चोवीस तास समोरच्यांचं दार बघत बसला असता. आपल्या घराचा पडदा म्हणून दुसऱ्याचा पडदा काढायचा, हे काही पटलं नाही. दुसऱ्यानं ती कॉन्फरन्स रूममधली बटणाची काच सुचवली, बटण दाबलं की दुधी नाहीतर पारदर्शक. तिच्या आत द्रवस्फटिकांचे बारीक थेंब असतात. वीज दिली की ते एका रांगेत उभे राहून उजेडाला वाट देतात, वीज गेली की इकडेतिकडे तोंडं करतात आणि काच दुधी होते. म्हणजे लाइट गेले की आपोआप पडदा. कल्पना झकास, पण भाड्याच्या दारासाठी तिची किंमत झेपणारी नाही.

मग काचेच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, जागेवर सँडब्लास्ट करून देतो, कायमचं काम. काच कडक केलेली आहे म्हटल्यावरही त्याचा उत्साह कमी होईना. इथे थोडं थांबून सांगतो, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कडक काच, म्हणजे ज्याला आपण टफन्ड म्हणतो ती, तयार करताना भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून मग हवेचे झोत मारून झटक्यात थंड करतात. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्या थराला आत खेचून धरतो. पृष्ठभाग कायमचा दाबाखाली, पोट कायमचं ताणाखाली. या दाबामुळेच ती साध्या काचेपेक्षा कितीतरी दणकट होते. हा दाबाखालचा थर प्रत्येक बाजूनं जाडीच्या साधारण एकपंचमांश असतो. आपली काच पाच मिलिमीटर असेल तर एकच मिलिमीटर! तोच थर खरवडणं म्हणजे तिची ताकदच खरवडणं. कापायला किंवा भोक पाडायला गेलं तर पूर्ण काच साखरेच्या खड्यांसारखी खळ्ळकन खाली. त्यामुळे जे काही खोदकाम, कापाकापी करायची ती भट्टीत जायच्या आधी. नंतर फक्त वरून काहीतरी चिकटवायचं.

चिकटवायचं म्हणजे फिल्म. दुकानदारानं दोन नमुने काढले. एक आरशासारखी चकाकणारी, "साहेब, आतून सगळं दिसतं, बाहेरून काही दिसत नाही". दुसरी साधी दुधी. मला अर्थातच पहिली आवडली, कोणालाही आवडेल. पण टेस्ट केल्याशिवाय प्रॉडक्शनला काही टाकायचं नाही, हा आपला बाणा. दोन्हींचे वहीच्या पानाएवढे तुकडे मागून आणले, साबणाच्या पाण्यानं मधल्या काचेवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवले आणि एका शनिवारी दुपारी तीन आणि रात्री आठ अशा दोन टेस्ट लावल्या. टेस्टर: आई.

दुपारी तीनला आरसा फिल्म शंभरपैकी शंभर. आईला बाहेरून स्वतःचाच चेहरा दिसला, तिनं पदर नीट केला आणि घरात आली. रात्री आठला मी आत ट्यूबलाइट लावून खुर्चीत बसलो, आई बाहेर गल्लीत. तिथून तिचा खणखणीत आवाज आला, "अरे, तुझा बनियन दिसतोय! डावीकडे भोक पडलंय!" मला मात्र काचेत मीच दिसत होतो.

यात फिल्मचा दोष नाही. एकतर्फी काच अशी वस्तू जगात नसते. अकरावीत आपण शिकलेलो असतो की प्रकाशाची वाट उलटी केली तरी तीच राहते. तुमचा डोळा मला दिसतो त्या वाटेनं माझाही तुम्हाला दिसू शकतो. आरसा फिल्म दोन्ही बाजूंनी थोडा उजेड परतवते आणि थोडा सोडते. फरक पडतो तो कुठल्या बाजूला उजेड जास्त आहे याचा. दिवसा सावलीतही बाहेर दहा हजार लक्सच्या आसपास उजेड असतो, हॉलमध्ये शंभर-दीडशे. म्हणून बाहेरच्याला आरसा. रात्री गल्लीतल्या दिव्याचे पाच-दहा लक्स आणि आत तेच दीडशे. फासे उलटे. सिनेमातल्या पोलीस चौकशीच्या खोलीत बघा, काचेपलीकडचे साहेब कायम अंधारात उभे असतात. म्हणजे ही फिल्म लावली असती तर दिवसा आई सुरक्षित आणि दिवेलागणीला, नेमक्या जास्त नको त्या वेळी, सगळ्या गल्लीला आमचा हॉल थिएटरसारखा दिसला असता. आणि आतून हे कळलंही नसतं.

दुधी फिल्मचं काम वेगळं. ती उजेड अडवत नाही, विस्कटते. काचेला लागून असलेली वस्तू बऱ्यापैकी दिसते, जसजशी मागे जाईल तसतशी पुसट होत जाते. पुस्तकावर ट्रेसिंग पेपर ठेवून बघा, अक्षरं वाचता येतात. कागद दोन इंच उचला, गेली अक्षरं. दहा फुटांवरच्या खुर्चीतली आई दिवसा फक्त साडीचा रंग म्हणून उरली, तोही आहे की नाही असा. रात्री एकच काळजी घ्यायची: दिवा माणसाच्या मागे नको, नाहीतर काचेवर सावली पडते. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यावर दिसतात त्यामागे हेच तर आहे. आमची ट्यूबलाइट खुर्ची आणि दार यांच्यामध्ये आहे, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

(जाता जाता ऑफिससाठी उपयोगी माहिती. सँडब्लास्ट केलेल्या दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावली की तेवढ्या जागी ती काच साफ होते, कारण गोंद बारीक खड्डे भरून काढतो. पाण्यानंही हेच होतं. म्हणून खरखरीत बाजू नेहमी आत घ्यावी. अप्रेझलच्या दिवसात या ज्ञानाचा गैरवापर करू नये.)

दुधी पक्की झाली. मी अख्ख्या काचेचं माप घेत होतो तेवढ्यात आई म्हणाली, "सगळी नको झाकूस. आलंय कोण ते मला कसं कळणार?"

आणि मग तिनंच चाळीतला पडदा काढला. "तसा कर की. मधलं झाक."

कागद घेऊन बसलो. खरं सांगतो, ऑफिसात गेल्या वर्षभरात इतकं समाधानकारक काम केलेलं नाही. आमच्या दाराबाहेर छोटा ओटा आहे, आतल्या फरशीपेक्षा अर्धा फूट खाली. बेल वाजवणारा दारापासून साधारण अडीच फुटांवर उभा असतो. त्याच्या डोळ्यांची उंची पाच फूट धरली तर आमच्या फरशीपासून साडेचार. समजा, खालचा एक फूट काच उघडी ठेवली. त्या फटीतून त्याला आत कुठपर्यंत दिसेल? साडेचारवरून एक फुटावर यायला त्याची नजर अडीच फुटांत साडेतीन फूट खाली येते, म्हणजे दाराच्या आत आठ-नऊ इंचांवर फरशीला टेकते. त्याला दिसणार पायपुसणं. बस्स. वीस फुटांवर गल्लीत उभा राहून बघणाऱ्याची नजर आत पावणेसहा फुटांपर्यंत येते. खुर्ची दहा फुटांवर आहे.

आता उलटं. आई खुर्चीत बसलेली, डोळे फरशीपासून पावणेचार फुटांवर. त्याच फटीतून तिला काय दिसेल? ओट्यावर अडीच फुटांवर उभ्या माणसाचे पाय, तळव्यापासून जवळजवळ दहा इंच वरपर्यंत. चप्पल, बूट, पँटची मोहरी, साडीचा काठ.

म्हणजे एकतर्फी काच मिळाली! भौतिकशास्त्राला न फसवता. प्रकाशाची वाट दोन्हीकडून सारखीच, पण त्याचे डोळे उंच आणि जवळ, तिचे डोळे ठेंगणे आणि लांब. दीड वार छिटात हे सगळं गणित आधीपासूनच होतं, फक्त कोणी कागदावर मांडलं नव्हतं. वरही सहा फुटांच्या पुढची काच मोकळी सोडली. ओट्यावरच्या माणसाला त्यातून छत दिसतं आणि गल्लीतल्याला पंखा. सकाळचं ऊन मात्र पूर्वीसारखंच भिंतीवर येतं.

लावायचं काम रविवारी सकाळी दोन तासांत झालं. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी एवढंच: काच आधी ब्लेडनं हलकेच खरवडून घ्या, एक धुळीचा कण म्हणजे एक कायमचा फोड. बादलीभर पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे चार थेंब, काच आणि फिल्म दोन्ही भरपूर ओलं करा म्हणजे सरकवून जागेवर आणता येते. मग रबरी पट्टीनं मधून बाहेर पाणी काढत जायचं. कडेला दीड-दोन मिलिमीटर जागा सोडायची, नाहीतर कड उचलली जाते. पंखा बंद ठेवायचा. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, तोवर पुसट चट्टे दिसतात, घाबरू नका. सगळा खर्च हजाराच्या आत, आणि घर सोडताना हेअर ड्रायरनं गरम करून सोलता येते.

महिना झाला. खुर्ची, रेडिओ, पिशवी सगळं हॉलमध्ये परत आलंय. आई पायांवरून माणसं ओळखायला लागलीये. कुरिअरवाल्याचे निळे बूट, कामाच्या मावशींच्या जोडव्या, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कोल्हापुरी. मागच्या आठवड्यात चकचकीत काळे फॉर्मल बूट आले होते, दुपारी अडीचला. तिनं रेडिओ हळू केला आणि विणत बसली. बुटांनी दोनदा बेल वाजवली, थोडा वेळ थांबले आणि गेले. मला हे फोन करून सांगितलं, भर मीटिंगमध्ये.

गणितात एकच अपवाद निघाला. समोरच्यांची चार वर्षांची नात. ती ओट्यावर येऊन चक्क पोटावर झोपते, गाल फरशीला लावून खालच्या पट्टीतून आत बघते आणि ओरडते, "आजी, तू आहेस! मला दिसतेस!"